टॉर्पेडो फायरिंग पॅनेल: ५ ट्यूब, १ लिव्हर, ११ आठवडे

पाणबुडीच्या सिममध्ये नुसता एंटर दाबून टॉर्पेडो सोडायचा कंटाळा आलाय, हाताने स्विच टाकून, दिवा लागायची वाट बघून मग लिव्हर ओढायचाय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी या नोंदी. गेम सायलेंट हंटर ३, २००५ चा, वर बरेच मॉड टाकलेले. बोट जर्मन टाइप सात-सी, पुढे ४ ट्यूब, मागे १, एकूण १४ टॉर्पेडो. ऑटो टार्गेटिंग बंद. इलेक्ट्रॉनिक्स मी कुठे शिकलेलो नाही, त्यामुळे जाणकारांना इथल्या काही चुका बाळबोध वाटतील, पण माझे आठवडे त्यांच्यातच गेले म्हणून सगळ्या लिहून ठेवतोय.

१० जानेवारी

सुरुवात एका चुकलेल्या शॉटपासून झाली. एकटा टँकर, १५ नॉट, एस्कॉर्ट नाही. पाऊण तास मागावर राहून कोर्स काढला, स्पीड काढला, अँगल ऑन बो (सावजाच्या नाकापासून आपण किती अंशांवर आहोत तो कोन) तीनदा तपासला, इंजिनरूमवर म्हणजे जहाजाच्या पार मागच्या टोकाजवळ नेम धरला आणि एंटर दाबला. टॉर्पेडो लगेच निघालाच नाही. ट्यूबचं बाहेरचं दार मी उघडलंच नव्हतं, त्यामुळे गेमने आधी दार उघडलं आणि मग टॉर्पेडो सोडला, यात साधारण ६ सेकंद गेले. १५ नॉट म्हणजे सेकंदाला ७.७ मीटर, ६ सेकंदांत ४६ मीटर. टॉर्पेडो टँकरच्या शेपटामागून निघून गेला.

नंतर कागदावर सगळं परत मांडून बघितलं, आकडे बरोबर होते. चुकला तो क्रम. खऱ्या बोटीत ट्यूबमध्ये पाणी भरा, बाहेरचं दार उघडा, ट्यूब तयार असल्याचं कळवा, मग नेम, मग फायर, असं चालायचं आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी माणूस उभा असायचा. गेममध्ये या सगळ्याची एक की झालीय. टॉर्पेडो डेटा कॉम्प्युटरचे (नेमाचं गणित करणारं बोटीवरचं यंत्र) डायल, पेरिस्कोपच्या रेघा, गायरो अँगल (सुटल्यावर टॉर्पेडो किती वळणार तो कोन) यांच्या रिअ‍ॅलिझमवर लोक तासन्‌तास बोलतात, आणि शेवटी सोडायची वेळ आली की एंटर. मला ही शेवटची दोन मिनिटं नीट हवीयत.

ठरवलं ते असं: प्रत्येक ट्यूबला दोन टॉगल, एक पाणी भरायचा आणि एक दाराचा, वर एक दिवा. ट्यूब निवडायला एक रोटरी स्विच, फायरचा लिव्हर आणि सगळ्यांच्या वर एक मास्टर स्विच. पॅनेल कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून जोडायचं.

१४ जानेवारी

घरात आर्डुइनो उनो (कोड चढवून चालवायचा छोटा बोर्ड) पडलेला होता, त्यावरच सुरू केलं आणि दोन संध्याकाळी घालवल्यावर कळलं की उनो असा सरळ कीबोर्ड बनत नाही, त्याच्या मुख्य चिपमध्ये यूएसबीच नाही. एटीमेगा ३२यू४ वाला बोर्ड लागतो, लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. प्रो मायक्रो घेतला. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी थेट हाच घ्या.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर बोर्डाला ओळखेचना. दोन तासांनी केबल बदलली आणि चालू झाला, ती केबल फक्त चार्जिंगची होती.

१८ जानेवारी

आज बोर्डाने सगळा कॉम्प्युटर ताब्यात घेतला. एक पिन मी हवेत सोडली होती, पुलअप (पिनला एका पातळीवर धरून ठेवणारा रझिस्टर) लावायचा राहिला, त्यामुळे ती पिन आपोआप वर-खाली व्हायची आणि बोर्ड अखंड क्यू टाइप करत सुटला. दुरुस्त करायला कोड उघडावा तर कोडमध्येच क्यू क्यू क्यू, केबल काढली की थांबायचं पण मग नवा कोड चढवता येईना. शेवटी रीसेटची पिन ग्राउंडला पटापट दोनदा टेकवली की बोर्ड काही सेकंद नव्या कोडची वाट बघत थांबतो हे कळलं, तेवढ्यात अपलोड मारायचं. पाचव्या प्रयत्नात जमलं.

त्यावरून पहिला नियम: मास्टर स्विच ऑफ असेल तर कोडने एकही की पाठवायची नाही, आणि ही तपासणी कोडच्या अगदी वरच्या ओळीला. हा स्विच मी फक्त दिसायला छान म्हणून ठेवणार होतो, आता पॅनेलवर सगळ्यात गरजेचा तोच आहे.

२५ जानेवारी

नोटपॅडमध्ये बटण दाबलं की अक्षर उमटतं, गेममध्ये काहीच होत नाही. वायर तपासल्या, बटण बदललं, दुसरा यूएसबी पोर्ट बघितला, एक अख्खी रात्र गेली. कारण फारच साधं निघालं, कोड की दाबून त्याच क्षणी सोडत होता आणि गेमला तेवढ्यात ती दाबलेली दिसायचीच नाही. आता की दाबून ७० मिलिसेकंद धरून मग सोडतो, एकदाही चुकलेलं नाही. ४० वर अधूनमधून चुकायचं.

१ फेब्रुवारी ते १५ फेब्रुवारी

हे दोन आठवडे पाण्यात गेले. मला टॉर्पेडो डेटा कॉम्प्युटरचे डायलसुद्धा हाताने फिरवायचे होते, म्हणजे अँगल ऑन बो, स्पीड, अंतर यांना एकेक एन्कोडर (किती टप्पे फिरवलं ते मोजणारी खुंटी). टाइप सात-सी वर सीमेन्सचा जो कॉम्प्युटर होता त्यात हेच आकडे घालायचे, त्यातून निघालेला गायरो अँगल पुढच्या टॉर्पेडो रूममध्ये जायचा आणि ट्यूबमधल्या टॉर्पेडोवर सोडायच्या क्षणापर्यंत सेट होत राहायचा. ते हाताला जाणवायला हवं होतं मला.

एन्कोडर पटकन फिरवला की टप्पे गळायचे. ते इंटरप्ट पिनांवर घेऊन सुटलं (या बोर्डावर ०, १, २, ३ आणि ७ एवढ्याच), पण गेममधले डायल माऊसने ओढून फिरवायचे असतात. म्हणजे बोर्डाने माऊस बनून कर्सर डायलवर न्यायचा, पकडायचा, गोल ओढायचा. स्क्रीनचं रिझोल्यूशन बदललं की सगळं चुकणार, कर्सर जरा सरकलेला असला तरी चुकणार. एकदा २० अंश हवे होते तिथे १२० गेले आणि मला ते टॉर्पेडो सुटल्यावर दिसलं. सोडून दिलं. तीन एन्कोडर आणि साधारण ३० तास.

त्याऐवजी पुठ्ठ्याची गोल तबकडी केली, एकात एक फिरणारी. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा आणि ते बिघडले तरी कमांडर अशी तबकडी हातात धरायचे, ब्रिटिश आणि अमेरिकन बोटींवर तिला 'इज-वॉज' म्हणत. आपली बोट सावजाच्या कोर्सला काटकोनात ठेवायची आणि टॉर्पेडो नाकासमोर सरळ सोडायचा, म्हणजे गायरो अँगल शून्य आणि अंतर किती आहे याने काही फरक पडत नाही. सावज ९ नॉट, टॉर्पेडो इलेक्ट्रिक जी७ई ३० नॉट, तर ९ भागिले ३०, ०.३, ज्याचा टॅन एवढा तो कोन १६.७ अंश. सावज समोरच्या रेघेपासून १६.७ अंशांवर आलं की सोडा. जी७ए ४४ नॉटवर लावला तर ११.६ अंश, पण त्याच्या मागे बुडबुड्यांची रेघ उमटते, दिवसा दिसते.

स्पीडसाठी पॅनेलला साधं स्टॉपवॉच चिकटवलं. बोट थांबवून पेरिस्कोपची उभी रेघ स्थिर ठेवायची, जहाजाचं नाक रेघेला लागलं की सुरू, शेपूट गेलं की बंद. १२० मीटरचं जहाज २६ सेकंदांत गेलं तर ४.६ मीटर सेकंदाला, म्हणजे ९ नॉट. एन्कोडरपेक्षा हे मला कितीतरी जास्त खरं वाटतं, कारण हात, डोळा आणि घड्याळ तिन्ही एकदम कामाला लागतात.

२२ फेब्रुवारी

स्विचची मांडणी. १० टॉगल, रोटरीच्या ५ जागा, सगळ्यांना वेगळी पिन द्यायला बोर्डावर पिना पुरत नाहीत, म्हणून ३ आडव्या ५ उभ्या अशी जाळी केली, ८ पिनांत काम. पहिल्या टेस्टला ठीक चाललं. मग २ आणि ३ नंबरमध्ये पाणी भरलं, २ चं दार उघडलं, आणि ३ चं दार आपोआप उघडं दिसायला लागलं. स्विच खाली आहे, पॅनेल म्हणतंय उघडं.

मला वाटलं सोल्डर कुठेतरी चिकटलंय, सगळे जोड परत गरम केले, त्यात एक टॉगल वितळला. खरं कारण वेगळंच. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरचे स्विच ऑन असले की करंट उलटा फिरून चौथ्याला ऑन दाखवतो. कीबोर्डवर हे क्वचित होतं कारण की दाबून हात उचलतो आपण, इथे टॉगल ऑनच राहतात त्यामुळे होणारच. प्रत्येक स्विचला एक १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), सगळ्यांची पट्टी एकाच बाजूला. १५ डायोड, एक संध्याकाळ. जाळी करणार असाल तर डायोड पहिल्याच दिवशी लावा, नंतर घुसवायला फार त्रास होतो.

१ मार्च

एमडीएफच्या फळीला भोकं पाडली, काळा रंग मारला, टॉगल बसवले. धाकटा भाऊ आज टॉर्पेडो ऑफिसर म्हणून शेजारी बसला, मी पेरिस्कोपवर. खोली अंधारी, फक्त पॅनेलचे दिवे. एलईडी सुरुवातीला डोळ्यात घुसत होते, २२० ओहमचे रझिस्टर काढून २.२ किलोओहमचे लावले तेव्हा बरं झालं.

मी म्हटलं चार नंबर बंद कर. तो म्हणाला केला. मी म्हटलं दिवा अजून चालू आहे. "दादा, खाली केलाय ना मी, बाकीचे सगळे खालीच बंद आहेत." खरंच खालीच होता. ४ नंबरचा टॉगल मी बसवतानाच उलटा बसवला होता, त्याचं बंद वरती आणि बाकी चौघांचं खालती. माझ्या बोटांना आठवडाभरात त्याची सवयही होऊन गेलेली, म्हणून मला कधी दिसलंच नाही.

यावर थोडं थांबून लिहितो, कारण एका जुन्या अपघाताबद्दल वाचल्यापासून मी पॅनेलकडे वेगळ्या नजरेने बघतोय. १ जून १९३९ ला ब्रिटिश पाणबुडी थेटिस लिव्हरपूल बेमध्ये चाचणीसाठी गेली होती. ५ नंबरच्या ट्यूबचं बाहेरचं दार उघडं होतं, ट्यूब पाण्याने भरलेली होती. आत पाणी आहे का बघायला एक छोटा टेस्ट कॉक असतो, त्याचं भोक रंगाने बुजलेलं, त्यामुळे पाणी आलं नाही. आणि दारं उघडी की बंद हे दाखवणाऱ्या डायलमध्ये ५ नंबरची 'बंद'ची जागा बाकीच्यांच्या उलट बाजूला होती. आतलं दार उघडलं आणि समुद्र आत आला. बोटीवर १०३ जण होते, ४ वाचले, ९९ गेले. त्यानंतर ब्रिटिश बोटींच्या आतल्या दारांना एक जास्तीची पकड बसवायला लागले, दार आधी किंचितच उघडावं म्हणून, पाणी असलं तर तिथेच कळावं.

माझ्या टेबलावरच्या फळीवर कुणाचा जीव जात नाही हे मला कळतं. पण उलटा बसलेला एक स्विच अंधारात, घाईत माणसाला काय करतो हे मी आज बघितलं, आणि भाऊ चुकलाच नव्हता. ४ नंबर काढून सुलटा बसवला. भोक थोडं मोठं झालं, वॉशर घातला.

८ मार्च

इंटरलॉक. आता कोडमध्ये क्रम सोडून काही करता येत नाही. पाणी भरल्याशिवाय दाराचा स्विच टाकला तर की जातच नाही, दिवा तीनदा झपझप करतो. दार उघडं असताना पाण्याचा स्विच खाली आणला तरी तेच. पाणी भरणं गेममध्ये नाहीच, ते फक्त पॅनेलवर आहे, २० सेकंद, हा आकडा मी माझ्या मनाने धरलाय. या २० सेकंदांनी खेळ बदलला, कारण आता हल्ल्याच्या आधीच ठरवावं लागतं की कुठल्या ट्यूब वापरणार, ऐनवेळी "अजून एक सोडू" चालत नाही.

दिव्याबद्दल मात्र खरं सांगितलं पाहिजे. गेम पॅनेलला काहीच परत कळवत नाही, त्यामुळे दार खरंच उघडलं का हे दिव्याला माहीत नसतं, तो फक्त घड्याळावर चालतो. म्हणून गेममध्ये दार उघडायला लागणारा वेळ स्टॉपवॉचने दहा वेळा मोजला, सगळ्यात मोठा आकडा घेतला, वर एक सेकंद. तोपर्यंत दिवा लुकलुकतो, मग स्थिर. तुमच्या मॉडमध्ये वेळ वेगळा असेल, स्वतः मोजा. आणि टाइम कॉम्प्रेशन (गेममधला वेळ पळवणं) लावलं की हे सगळं कोलमडतं, हल्ला सुरू झाला की १ वरच ठेवायचं.

दुसरी अडचण ट्यूब निवडण्याची. माझ्या की-मॅपमध्ये 'पुढची ट्यूब' एवढी एकच की आहे, त्यामुळे पॅनेल मोजत बसतं की आपण कितव्यावर आहोत. मध्येच स्क्रीनवर माऊसने ट्यूब निवडली की मोजणी चुकली. यावर कोडमध्ये उपाय सापडला नाही, शिस्तच पाळावी लागते. सुरुवातीला सगळे स्विच खाली, गेममध्ये १ नंबर, मग मास्टर ऑन. गोंधळ झाला तर मास्टर ऑफ करून परत तिथूनच.

१५ मार्च

लिव्हर. जुन्या जॉयस्टिकचा दांडा, एक स्प्रिंग, रोलर असलेला मायक्रोस्विच. पहिल्या शॉटला दोन टॉर्पेडो गेले. स्विच दाबताना संपर्क थरथरतो, कोडला ते दोन वेळा ओढल्यासारखं दिसलं. १४ मधले २ एका मोटारबोटीएवढ्या जहाजावर. डिबाऊन्स (ही थरथर संपेपर्यंत थांबणं) ३० मिलिसेकंद घातला आणि लिव्हर पूर्ण परत आल्याशिवाय दुसरा शॉट नाही अशी अट टाकली.

स्प्रिंग तीनदा बदलली. पहिली इतकी मऊ की कोपर लागून फायर झालं, दुसरी इतकी कडक की ओढताना फळीच सरकायची आणि नजर पेरिस्कोपवरून हलायची. आता जी आहे तिला निम्म्यापर्यंत काही जोर लागत नाही, मग एकदम अडते, तिथे थांबता येतं. सावज रेघेजवळ येताना मी लिव्हर त्या अडणीवर धरून ठेवतो, तळवा थोडा दुखायला लागतो, रेघ लागली की आणखी एक सेंटिमीटर आणि टक्‌. मला या अख्ख्या पॅनेलमधलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे.

भावाच्या बाजूला एक साधं बटणही दिलंय. कमांडच्या जागेवरून इलेक्ट्रिक फायरिंग झालं नाही तर टॉर्पेडो रूममधून हाताने सोडायची सोय खऱ्या बोटींमध्ये असायची, त्यासाठी.

२१ मार्च

दिवा स्थिर, १६.७ अंश, लिव्हर वेळेवर, टॉर्पेडो बरोबर जहाजाच्या मधोमध जाऊन आपटला आणि फुटला नाही. भाऊ म्हणाला पॅनेलचं काहीतरी बिघडलंय. पॅनेलचा संबंध नाही, डड म्हणजे न फुटणाऱ्या टॉर्पेडोचा पर्याय मी चालूच ठेवलाय. १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत जर्मन टॉर्पेडो असेच एकामागून एक फेल गेले. अमेरिकन मार्क १४ टॉर्पेडोचंही तेच, २४ जुलै १९४३ ला टिनोसा या पाणबुडीने एकाच जहाजावर १५ सोडले आणि थांबलेल्या जहाजावर काटकोनात, अगदी पुस्तकाप्रमाणे मारलेले फुटेनात. काटकोनात आदळलं की फ्यूजची पिनच चेपायची. हा पर्याय बंद करू नका असं मला मनापासून वाटतं. आधीचं सगळं बरोबर करूनही हातात काही न लागणं हाही त्या माणसांच्या कामाचाच भाग होता.

२८ मार्च

एकूण हिशोब: ११ आठवडे, अंदाजे १२० तास. गेलेला माल म्हणजे १ प्रो मायक्रो (यूएसबीचं तोंड उखडलं, केबलला ताण बसू देऊ नका, मी दुसऱ्याला गरम गोंद लावलाय), १ टॉगल, ४ एलईडी, ३ न वापरलेले एन्कोडर.

आज रात्री १० जानेवारीसारखाच टँकर मिळाला, १४ नॉट. ३० नॉटच्या टॉर्पेडोला २५ अंश. १ आणि २ मध्ये आधीच पाणी भरून ठेवलेलं. भावाने १ चं दार उघडलं, दिवा लुकलुकतोय, टँकर २७ वर आला, मी लिव्हर अडणीवर धरला. २६. दिवा अजून लुकलुकतच होता. "दादा, थांब." मी थांबलो. स्थिर झाला तो साडेपंचविसाला, मग २५, टक्‌. मी लिव्हर सोडला तसा १ चा दिवा विझला आणि भावाने लगेच दार बंद केलं, न सांगता. ९०० मीटर, ५८ सेकंद, तो स्टॉपवॉचवरून मोठ्याने मोजत होता, ५६ ला मी पेरिस्कोप वर घेतला.

मागच्या बाजूला लागला, इंजिनरूम.

बाकी राहिलेलं काम: ५ नंबर मागे तोंड करून आहे, त्याचा कोन तबकडीवर १८० ने फिरवावा लागतो आणि माझा दोनदा गोंधळ झालाय. तबकडीच्या मागच्या बाजूला त्याचे वेगळे आकडे काढायचेत, लाल शाईने.